एक गिटार, एक पेडल आणि अख्खा बँड: शहापूर-मुरबाडच्या फार्महाऊसवर हे गणित कसं बसतं?

९ फेब्रुवारी २०२५. बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर ब्रिटिश गायक एड शीरन फुटपाथवर गिटार घेऊन गात होता. गाणं सुरू असतानाच एका पोलिसाने पुढे येऊन माइकची वायर काढली. परवानगी नव्हती, असं पोलिसांचं म्हणणं होतं. परवानगी होती, असं शीरनने नंतर सांगितलं. तो व्हीडिओ तुमच्याही फोनवर आला असेल.

त्याच्या दहाच दिवस आधी, ३० जानेवारीला, शीरन पुण्यात गाऊन गेला होता. त्याच्या कार्यक्रमाची ओळख म्हणजे स्टेजवर एकटा माणूस, हातात अकूस्टिक गिटार आणि पायाखाली एक यंत्र. ऐकताना मात्र चार-पाच जणांचा बँड वाजतोय असं वाटतं.

हे यंत्र आता फक्त स्टेडियमपुरतं राहिलेलं नाही. कॅफे, हळद-संगीत आणि फार्महाऊसवरच्या पार्ट्यांमध्येही 'एकट्याचा बँड' दिसतो. मुंबई-ठाण्याची माणसं शनिवार-रविवारी ज्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांकडे वळतात, त्यांचं उदाहरण घेऊन तीन प्रश्न समजून घेऊया. हे यंत्र नक्की काय करतं? कायदा त्याकडे कसा पाहतो? आणि यात साथीदारांचं काय होतं?

लूप पेडल म्हणजे काय?

पायाने दाबायचं एक बटण आणि आत थोडी मेमरी, एवढंच हे यंत्र. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग संपतं आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागतो. मग त्यावर दुसरा थर चढवायचा, मग तिसरा.

म्हणजे आधी गिटारच्या लाकडावर थाप मारून ठेका धरायचा. त्यावर जाड तारांवरचा बेस आणि त्यावर कॉर्ड वाजवायच्या. हे सगळं फिरत राहतं आणि वादक वर गातो किंवा सुरावट वाजवतो. आधीपासून काहीही रेकॉर्ड केलेलं नसतं. सगळं श्रोत्यांसमोर तयार होतं, म्हणून त्याला 'लाइव्ह लूपिंग' म्हणतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर लूप म्हणजे एक आवर्तन, आणि पाय बरोबर समेवर पडला पाहिजे. किंचित उशीर झाला तर ती चूक प्रत्येक फेरीत पुन्हा ऐकू येते. यंत्र सोपं असलं तरी वाजवणं सोपं नसतं, ते याचमुळे.

कल्पनाही नवी नाही. १९६० च्या दशकात संगीतकार टेपच्या पट्ट्या फिरवून हेच करत होते. २००१ मध्ये बॉस कंपनीचं आरसी-२० हे पेडल आलं. २००४ मध्ये स्कॉटिश गायिका केटी टन्स्टॉलने बीबीसीच्या कार्यक्रमात एकटीने लूपवर गाणं सादर केलं आणि हे तंत्र घराघरात पोहोचलं. शीरन त्यानंतरचा.

शहापूर-मुरबाडमध्ये हे का जमतं?

पहिलं कारण अंतर. आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूर तालुक्यातली स्टेशनं मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आहेत. मुंबई-नाशिक महामार्ग तालुक्यातून जातो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही इथूनच जातो. मुरबाडला लोकल जात नाही, पण माळशेज घाटाकडे जाणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता मुरबाडवरूनच पुढे जातो. माहुली, नाणेघाट, माळशेज यांच्या ओढीने पावसाळ्यात इथे गर्दी होते.

दुसरं कारण पैसा आणि जागा. पाच जणांचा बँड आणायचा तर पाच मानधनं, ड्रम सेट, दोन गाड्या आणि मुक्कामाची सोय लागते. लूपवाला एका गाडीत मावतो. तीस-चाळीस पाहुण्यांच्या लॉनला चार्जिंगवर चालणारा एक स्पीकर पुरतो.

वीज मात्र दोघांनाही लागते आणि लूपवाल्याला तिचा धोका जास्त. ढोलकीवाला लाइट गेल्यावरही वाजवत राहतो. पेडलची वीज गेली तर चाललेला लूप तिथेच थांबतो. पावसाळ्यात इथे वाजवायला येणारा शहाणा वादक म्हणूनच पेडलला पॉवर बँक जोडून ठेवतो आणि दोन-तीन गाणी लूपशिवाय तयार ठेवतो.

रात्री १० नंतर काय?

'मी एकटाच आहे, डीजे थोडाच लावलाय' हा युक्तिवाद चालत नाही. कायदा माणसं मोजत नाही, आवाज मोजतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो बंदिस्त जागेबाहेर वाजवता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर या बंदीत लाउडस्पीकरसोबत वाद्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे उघड्या लॉनवर रात्री ११ वाजता 'साधी गिटारच तर आहे' असंही म्हणता येत नाही. काही सणांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही.

दिवसाही मर्यादा आहेतच. निवासी भागात ती ५५ डेसिबल, रात्री ४५. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे संध्याकाळी कुंपणापाशी ६० डेसिबल, साधारण दोन माणसं गप्पा मारतात तेवढा आवाज.

फार्महाऊसच्या कुंपणापलीकडे बहुतेक वेळा एखादा पाडा असतो. तिथल्या माणसाला पहाटे शेतावर किंवा पहिल्या लोकलला जायचं असतं. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. शहराला पाणी द्यायचं आणि वर शहराची पार्टीही रात्रभर ऐकायची, ही इथल्या लोकांची तक्रार म्हणूनच हलक्यात घेता येत नाही. एका स्पीकरवर वाजणाऱ्या गिटारचा त्रास डीजेपेक्षा कमी, हे खरं. पण तो कमी राहणं वादकाच्या हातातल्या आवाजाच्या बटणावर अवलंबून आहे.

गाणं दुसऱ्याचं असेल तर?

इथे लूप आणि 'ट्रॅक' यातला फरक महत्त्वाचा ठरतो. मोबाइलवर तयार ट्रॅक लावून गाणारा गायक दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण वापरतो. लूपवाला सगळं स्वतः वाजवतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्न येत नाही. पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क उरतोच. त्यांच्या वतीने परवाने देण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते, तर पीपीएल ध्वनिमुद्रणांचे परवाने देते.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना परवाना लागत नाही. हौशी मंडळाने फुकट ऐकणाऱ्यांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रमही सवलतीत बसतो. म्हणजे हळदीला किंवा गावच्या देवळासाठी गाणं एका बाजूला, आणि रिसॉर्टने पाहुणे खेचण्यासाठी ठेवलेली शनिवारची 'म्युझिक नाइट' दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या प्रकाराला सवलत नाही.

लग्नाच्या सवलतीवरून वादही झाले आहेत. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याबाबत काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. म्हणून परवान्याची जबाबदारी रिसॉर्टची की वादकाची, हे आधीच लेखी ठरवून घेणं दोघांच्याही फायद्याचं.

साथीदारांचं काय?

एका माणसाने पाच जणांचा आवाज काढला, तर उरलेल्या चौघांची सुपारी गेली का?

याचं उत्तर तंबोऱ्यात सापडतं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाइल अ‍ॅप आलं आणि मागे बसून तंबोरा छेडणाऱ्याची जागा अनेक मैफलींत गेली. पण तबलजीची गेली नाही. कारण तंबोऱ्याचं काम एकच स्वर धरून ठेवण्याचं आहे, तबलजीचं काम ऐकून उत्तर देण्याचं.

लूप ऐकत नाही. एकदा धरलेली लय तो सोडत नाही आणि आपलं बरंचसं लोकसंगीत नेमकं याच्या उलट चालतं. भजनाची लय चढत जाते, लावणीत ढोलकी नाचणाऱ्या पावलांना उत्तर देते, पोवाड्यात झीलकरी शाहिराचा शब्द उचलून धरतात. तारपा वाजवणारा तर श्वास न तोडता सूर धरून ठेवतो, हा एका अर्थी माणसाने केलेला लूपच. पण तो नाचणाऱ्यांच्या रांगेकडे बघून चाल बदलतो. पेडलला हे जमत नाही.

म्हणून धोका सगळ्यांना सारखा नाही. चार कॉर्डवर फिरणारी हिंदी-इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याचं काम जाऊ शकतं. चांगल्या ढोलकीवाल्याचं जाण्याची शक्यता कमी. मात्र त्याच्याकडे रिसॉर्टच्या मालकाचा नंबर आणि स्वतःचा एखादा व्हीडिओ असायला हवा. मुंबईहून येणाऱ्या लूपवाल्याकडे या दोन्ही गोष्टी असतात, वाड्या-पाड्यांतल्या कलाकाराकडे बहुतेकदा नसतात. खरी दरी वाद्यांची नसून ओळखीची आहे.

मग करायचं काय?

रिसॉर्टवाल्यांसाठी एक स्वस्त पर्याय आहे. गिटार आणि बेस लूपवर, ठेका मात्र जवळच्या गावातल्या ढोलकीवाल्याचा. दोन मानधनं पाच मानधनांपेक्षा कमीच राहतात, लय जिवंत राहते आणि शनिवारच्या पैशातला काही वाटा तालुक्यातच थांबतो.

शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या मुला-मुलीला यात उतरायचं असेल, तर साधं एका ट्रॅकचं पेडल सुरुवातीला पुरतं. त्याआधी काही महिने मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या अ‍ॅपवर, हात आणि पाय एकत्र बसवणं जास्त गरजेचं.

आणि तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल, तर बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: गाणं किती वाजता थांबणार आणि वाजवणारं कुणी इथलं आहे का?