शिकण्यासाठी कोणते इंजिन?

भातगिरण्यांच्या गोंदियात यंत्राचा आवाज व्यापारी घराला नवा नाही. तरीही पेढीवर बसणाऱ्या मुलाने जुन्या मोटारसायकलचे इंजिन उघडून बांधण्याचा हट्ट धरला, की वडीलधारे खर्च मोजू लागतात. तो पैसा सत्कारणी लागणार की नाही, हे मुख्यतः इंजिनाच्या निवडीवर ठरते.

तरुणांना मोह पडतो तो राजदूत वा आरएक्स १००चा. ही दोन-स्ट्रोक इंजिने सुटसुटीत खरी. परंतु उत्पादन कधीच थांबल्याने त्यांचे अस्सल सुटे भाग दुर्मीळ व महाग झाले आहेत. शिवाय त्यांत कॅमशाफ्ट व टायमिंग चेन नसते. १९९४ साली बाजारात आलेल्या स्प्लेंडरचे ९७.२ सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन हे दोन्ही शिकवते, आणि त्याचे पिस्टन, रिंग, गॅस्केट तालुक्याच्या गावीही मिळतात.

किक मारल्यावर फिरणारे, केसिंगला तडा नसलेले आणि ज्याचा क्रमांक गाडीच्या कागदपत्रांशी जुळतो असेच इंजिन घ्यावे. सुटा केलेला प्रत्येक भाग क्रमाने वहीत नोंदवावा. जोडणीनंतर एखादा वॉशर उरला, तर न जुळलेल्या जमाखर्चाप्रमाणे इंजिनही पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते.