दिवाणखान्यातल्या प्रवाळाचा हिशेब

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्यांमध्ये ‘ओपन ब्रेन’ या प्रवाळाची ख्याती ‘नवशिक्यांनाही जमेल असे’ अशी आहे. मेंदूच्या वळ्यांसारखी त्याची घडण, त्यावर लाल, हिरवे, जांभळे मांस आणि निळ्या दिव्याखाली पेटल्यासारखी झळाळी. पाहणारा तिथेच विरघळतो. पण ‘सोपे’ हे विशेषण विकणाऱ्याच्या सोयीचे आहे, प्रवाळाच्या नाही.

ट्रॅकिफायलिया जिओफ्रॉयी हे या प्राण्याचे शास्त्रीय नाव. प्राणीच तो. खाली चुन्याचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला सांगाडा आणि वर फुगणारे मऊ अंग. बहुतेक प्रवाळे खडकाला चिकटून वसाहत करतात. हे मात्र वाळूत किंवा गाळात मोकळे पडून राहते. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडात अन्न तयार करून यजमानाला त्यातला मोठा वाटा देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे होते आणि त्याची उपासमार सुरू होते.

म्हणून पहिली लढाई पाण्याशी असते. तापमान २४ ते २६ अंश, क्षारता दर हजारी ३५, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, हे आकडे गाठणे अवघड नाही. महिनोन्महिने तिथेच टिकवणे अवघड आहे. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे रोजची भर आरओच्या गोड्या पाण्याची घालावी लागते. नवखा माणूस तिथे मिठाचे पाणी ओततो आणि क्षारता चढत जाते. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत चिलरशिवाय टाकीचे पाणी तिशी ओलांडते. वीज काही तास गेली तर पंप आणि चिलर दोन्ही बंद पडतात.

जागा चुकली तरी भोगावे लागते. शोभा म्हणून ओपन ब्रेन खडकावर ठेवले, तर फुगलेले मांस कडांवर घासून फाटते आणि जखमेतून सांगाडा उघडा पडत जातो. त्याची जागा तळाच्या वाळूत, मंद प्रवाहात, बेताच्या उजेडात. ते पाण्याबाहेर काढणेही जपूनच. आधी हलक्या हाताने हलवून त्याला अंग चोरू द्यायचे आणि मग खालच्या सांगाड्याला धरून उचलायचे. पाण्याने भरलेले मांस स्वतःच्याच वजनाने फाटू शकते.

त्याचे खरे रूप दिसते ते दिवे मालवल्यावर. दिवसा गुळगुळीत दिसणाऱ्या वळ्यांच्या कडेने बारीक, पारदर्शक स्पर्शिका बाहेर येतात. पिपेटने मायसिस कोळंबीचे दोन-चार तुकडे अलगद सोडले, की स्पर्शिका ते धरतात, मांसाची कड आत वळते आणि मधले तोंड हळूहळू उघडते. हा घास गिळायला बराच वेळ जातो. तेवढ्यात टाकीतली क्लीनर कोळंबी येते आणि थेट तोंडातून तुकडा ओढून नेते. त्यावर जाणत्यांचा उपाय साधा आहे. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो जेवणापुरता प्रवाळावर झाकायचा.

फेव्हाइट्स आणि प्लॅटिजायरा या गोलसर, वसाहती ब्रेन कोरलची तऱ्हा वेगळी. ती रात्री लांबलचक दंशक स्पर्शिका सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात. चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडली नाही, तर सकाळी शेजारच्या प्रवाळावर पांढरे चट्टे दिसतात.

एवढे सांभाळले तर ब्रेन कोरल टाकीत वर्षानुवर्षे जगते. प्रश्न त्याच्या जगण्याचा नाही, ते येते कुठून याचा आहे.

अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाचा तुकडा मोडून लावला की नवे झाड लावल्यासारखे ते वाढते, म्हणून त्याची लागवड करून विक्री करता येते. ओपन ब्रेन बहुधा एकच मोठा जीव असतो. त्याचे तुकडे करून ते वाढवणे जिकिरीचे आणि संथ. परिणामी दुकानात दिसणारा जवळपास प्रत्येक नग इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलियाच्या समुद्रतळावरून उचललेला असतो. इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यातच थांबवली आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू केली. जगातल्या सर्व दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली, म्हणजे परवान्यानेच चालतो. तेव्हा जे प्रवाळ लागवडीने फारसे मिळत नाही, तेच नवशिक्याच्या हाती सराव म्हणून देणे हा उलटा न्याय झाला.

छंदाची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. २०१४ मध्ये मायामीजवळ दगडी प्रवाळांच्या ऊती गळवून पाडणारा रोग पहिल्यांदा दिसला आणि फ्लोरिडाच्या संपूर्ण प्रवाळपट्ट्यात पसरला. ब्रेन कोरलच्या जातींना त्याचा जबर फटका बसला. तेव्हा सरकारी यंत्रणांनी निरोगी प्रवाळे समुद्रातून काढून अमेरिकेतल्या मत्स्यालयांकडे सोपवली. टँपा येथील फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने २०१९ मध्ये अटलांटिकमधल्या पिलर कोरलचे प्रजनन प्रयोगशाळेत घडवून आणले. त्यासाठी टाकीत ऋतूंचे तापमान आणि चंद्राच्या कला हुबेहूब उतरवाव्या लागल्या. प्रवाळ काचेच्या पेटीत जगवण्याची विद्या उपयोगाची आहे, याचा यापेक्षा ठोस पुरावा नको. मात्र ही टाकी संस्थेची होती, तिथे पशुवैद्य होते आणि पिले समुद्राला परत देण्याचा हेतू होता. दिवाणखान्यातली टाकी या नावावर पुण्य जमा करू शकत नाही.

भारतात तर वादाला फारशी जागाच नाही. २००१ पासून सर्व दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. या अनुसूचीतल्या जिवाबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या अवघ्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेला वन खात्याची परवानगी काढावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घ्यावी लागली. जे महापालिकेला परवानगीशिवाय करता आले नाही, ते कुणी मोबाइलवरच्या एका संदेशाने, बिलाशिवाय घरपोच करत असेल, तर ग्राहकाने काय ते ओळखावे.

मराठी माणसाला प्रवाळ पाहायला फार लांब जावेही लागत नाही. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या उथळ पाण्यात ब्रेन कोरलचे भाईबंद आहेत. तिथे पाण्यात उतरताना पाय प्रवाळावर न ठेवणे आणि तुकडा खिशात न घालणे, एवढी काळजी पुरे.

परदेशात, जिथे हा छंद कायदेशीर आहे, तिथल्या मराठी हौशींनी टाकी किमान वर्षभर स्थिरावू द्यावी आणि लागवडीची प्रवाळेच घ्यावीत. ओपन ब्रेन घ्यायचेच असेल तर दुकानदाराकडे त्याच्या उगमाचे कागद मागावेत. ते नसतील तर सौदा सोडून द्यावा. महाराष्ट्रात जिवंत प्रवाळ कुणी विकायला काढले, तर ते विकत घेऊन ‘वाचवण्याचा’ मोह नको. घेणाऱ्याचा हेतू काहीही असो, विकणारा त्या जागी दुसरे आणून ठेवतो. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर तक्रार करावी.