‘छान आहे’ एवढेच नको!

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज पुण्यात किंवा बंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. सणासुदीला घरी आली की आपण बनवलेले नवे ॲप आईच्या, काकांच्या, आजोबांच्या फोनवर टाकून देतात आणि म्हणतात, ‘‘वापरून बघा आणि कसं वाटतंय ते सांगा.’’ आपण चार बटणे दाबतो, कौतुकाने ‘छान आहे’ म्हणतो आणि फोन बाजूला ठेवतो. पोरगा खूश, आपणही खूश! पण त्याच्या हाती काहीच पडत नाही. त्याला शाबासकी नको असते. आपण कुठे अडखळलो, ते हवे असते.

ॲप पहिल्यांदा उघडल्यापासून त्याचा पहिला उपयोग होईपर्यंतच्या वाटचालीला संगणकवाले ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात. शब्द परका असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. उन्हातून पाहुणा आला की आपण आधी गूळ-पाणी पुढे करतो, चौकशा नंतर. पुष्कळ ॲप मात्र पाहुण्याला उंबऱ्यातच थांबवून नाव, नंबर, जन्मतारीख विचारतात आणि वर फोनमधली सगळी नंबरांची यादी मागतात. पाण्याचा पत्ताच नाही!

बनवणाऱ्याला हा उंबरा दिसत नाही. घरच्या माणसाला अंधारातही दिव्याचे बटण सापडते, तसे त्याचे झालेले असते. नवखेपण त्याच्याजवळ उरलेले नाही, ते आपल्याजवळ आहे. आणि तेही एकदाच मिळते. म्हणून पहिल्याच वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

काय पाहावे? आधी भाषा. भाषांच्या यादीत ‘मराठी’ हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले असेल, तर इंग्रजी न वाचणाऱ्याने ते शोधायचे कसे? मराठीचे नाव मराठीत हवे, कन्नडचे कन्नडमध्ये. फोन बेळगावात आहे म्हणून न विचारता कन्नड सुरू करणेही बरोबर नाही. आपल्याकडे एकाच घरात सासूबाई मराठी वाचतात आणि सून कन्नड.

मग परवानग्या. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून कॅमेरा, ठिकाण यांसारख्या गोष्टी ॲपला वापरताना विचारून घ्याव्या लागतात. त्या कशासाठी हव्यात, हे ॲपने सांगितले का? की उघडताक्षणी एकामागून एक चौकटी पुढे आल्या? त्यानंतर ओटीपी. आलेला आकडा बघायला आपण मेसेजमध्ये गेलो आणि परतलो, तर ॲप तिथेच थांबले होते की पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले? अशा ठिकाणी लगेच टिपण करावे.

सांगतानाही पथ्य हवे. ‘फार किचकट आहे’ हे अर्धेच सांगणे झाले. ‘रंग निळा करा’ ही आपली आवड झाली. त्यापेक्षा असे सांगावे : ‘‘पत्ता लिहिताना कीबोर्ड वर आला आणि ‘पुढे’चे बटण त्याखाली झाकले गेले. मला वाटले, ॲप बंद पडले. मी मागे गेले, तर लिहिलेले सगळे पुसले गेले.’’ काय करायला गेलो, काय दिसले, काय वाटले आणि पुढे काय झाले, इतके कळले की दुरुस्ती कुठे हवी ते त्याला नेमके समजते. उपाय आपण सुचवलाच पाहिजे असे नाही.

नवख्यांची अडचण मोठमोठ्या कंपन्यांनाही ओळखता आलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ९७’मध्ये मदतीला ‘क्लिपी’ नावाची डोळे मिचकावणारी पेपरक्लिप होती. पत्र लिहायला घेतले की ती मध्येच येऊन, मदत हवी का, असे विचारी. लोक इतके वैतागले की २००१च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवून दिली गेली आणि ‘ऑफिस २००७’मध्ये काढूनच टाकली. न मागता केलेली मदतही पाहुण्याला जाचते! या विषयाचे जाणकार जेकब निल्सन यांनी २००० साली मांडले होते, की पाच जणांना वापरायला देऊन नुसते पाहत बसले तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. पाच माणसे तर आपल्या एका घरातच असतात.

हे सारे फक्त सोयीपुरते नाही. यूपीआयचे उदाहरण घ्या. २०१६ पासून ही सोय आपल्याकडे आहे. ॲप सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबराच्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो. फोनमध्ये दोन सिम असली आणि दुसरेच निवडले गेले, किंवा मेसेजपुरते पैसे शिल्लक नसले, की गाडी अडते. अशा वेळी ॲप नुसते ‘अयशस्वी’ म्हणाले, तर आजोबांनी काय समजावे? ते कंटाळून फोन आणि एटीएम कार्ड शेजारच्या मुलाकडे देतात. पिनही तोच ठरवतो. तो मुलगा भला असेलही. पण आजोबांच्या खात्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली, हे खरेच. पैसे पाठवायलाच पिन लागतो, घ्यायला लागत नाही, एवढे एक वाक्य सुरुवातीलाच ठळक मराठीत सांगितले, तर ‘पैसे मिळतील, पिन टाका’ म्हणणाऱ्या भामट्याला आजी तिथल्या तिथे ओळखतील.

तरुण मुलामुलींनाही एक सांगणे. आईच्या हाती फोन दिल्यावर ‘‘अगं, तिथं नाही, इथं दाब’’ असे म्हणू नका. हात मागे बांधून बसा. तिचे बोट जिथे थबकेल, तिथे तुमचे काम शिल्लक आहे.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी कुणी ‘कसं वाटतंय’ विचारले, तर चहा गॅसवर ठेवा, चष्मा लावा आणि पहिल्या स्क्रीनपासून सावकाश सुरू करा. ‘मला कळले नाही’ म्हणायला अजिबात लाजू नका. तुमच्यासारख्याच हजारो नवख्यांच्या वतीने तुम्ही बोलत असता.