विकास शुल्क जमिनीच्या भावाशी नव्हे, सेवेच्या खर्चाशी बांधा

महापालिकेचे विकास शुल्क सुधारण्याचा विषय निघाला की दोन आक्षेप हमखास येतात: घरे महागतील, आणि शुल्क तर आपोआप वाढतच असते. दुसरा आक्षेप वरवर खरा आहे, म्हणून आधी तोच तपासू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात विकास शुल्काचे प्रकरण 1992 साली आले आणि 2010च्या दुरुस्तीने ते रेडी रेकनरमधील, म्हणजे राज्य सरकारने ठरवलेल्या, जमिनीच्या दराशी जोडले गेले. निवासी बांधकामाला त्या दराच्या 2 टक्के, व्यापारी बांधकामाला 4 टक्के. रेडी रेकनर वाढला की शुल्क वाढते, हे कबूल. पण 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षी राज्याने हे दर जैसे थे ठेवले, तेव्हा महापालिकेचे शुल्कही गोठले. याहून मोठा दोष पुढेच आहे. समजा, शहराच्या मध्यभागी जमिनीचा दर चौरस मीटरला 60,000 रुपये आहे आणि वेशीवरच्या गावात 10,000. जिथे जलवाहिनी, गटार, रस्ता पूर्वीपासून आहे तिथे निवासी बांधकामाच्या चौरस मीटरमागे 1,200 रुपये मिळतात आणि जिथे सगळेच नव्याने घालायचे तिथे 200. जिथे खर्च सर्वाधिक, तिथे वसुली सर्वांत कमी!

पुण्यात याचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे महापालिकेत आली. या 23 गावांतली बांधकाम परवानगी आणि तिचे शुल्क 2021 मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडेच राहिले. पाणी आणि सांडपाण्याचा भार मात्र महापालिकेवर पडला. शहराच्या कडेच्या अशा भागांत पालिकेचे पाणी येईपर्यंत ते पुरवण्याचे हमीपत्र बिल्डर देतो, इमारत उभी राहते, आणि पुढे टँकरचे बिल सोसायटीच्या गळ्यात येते. शुल्क कमी ठेवल्याने खर्च टळला नाही. तो घर घेणाऱ्याच्या दरमहाच्या देखभालीत जाऊन बसला.

म्हणूनच घरे महागण्याचा आक्षेप मला अपुरा वाटतो. बिल्डर घराची किंमत लावतो ती गिऱ्हाईक किती देऊ शकते हे पाहून. जानेवारी 2021 मध्ये राज्य सरकारने बांधकाम अधिमूल्यात 50 टक्के सवलत दिली, तेव्हा ती घेणाऱ्याने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे अशी अट घालावी लागली. सवलत आपसूक ग्राहकापर्यंत पोचेल, असा भरवसा सरकारलाही नव्हता. शुल्काची वाढ आधीच जाहीर असेल, तर तिचा बराच भाग बिल्डर जमीन विकत घेतानाच मूळ मालकाच्या भावातून वळता करून घेतो. अर्थात चालू प्रकल्पांवर एका रात्रीत वाढ लादणे अन्यायाचेच ठरेल.

बिल्डरांची एक तक्रार मात्र मान्य करावी लागेल. जकात गेली, मग स्थानिक संस्था करही गेला, आणि महापालिका ती खोट परवानग्यांच्या उत्पन्नातून भरून काढू लागल्या. या उत्पन्नातले जादा चटईक्षेत्राचे अधिमूल्य ही हक्काची विक्री आहे. विकास शुल्क हा सेवेचा मोबदला. दोन्ही एकाच तिजोरीत मिसळली की कुणालाच हिशेब लागत नाही. विकास शुल्काचा निधी स्वतंत्र ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे; त्याचा जमाखर्च प्रभागवार प्रसिद्ध व्हायला हवा. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या 1997च्या कायद्यानुसार नव्या वस्तीसाठी कोणत्या सेवेला किती खर्च येणार याचा अभ्यास आधी प्रसिद्ध करावा लागतो, मगच शुल्क ठरते. आपल्याकडेही प्रत्येक विभागाचा खर्च असा मांडावा आणि बांधकाम खर्चाच्या निर्देशांकानुसार शुल्क दरवर्षी बदलावे. गुंठा-दोन गुंठ्यांवर स्वतःचे घर बांधणाऱ्याला यात सवलत हवीच, पण तिची रक्कम राज्याने महापालिकेला भरून द्यावी. नाहीतर त्या घरालाही शेवटी टँकरचीच वाट पाहावी लागेल.