अकीकाचे मणी आणि त्यांचा कारागीर

अलंकार घालावे कीं न घालावे, हा वाद आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत फार जुना आहे. एक पक्ष प्रेषित पेत्राच्या पत्राकडे बोट दाखवून स्त्रीचें भूषण अंतःकरणांत असावें असें म्हणतो. दुसरा अहरोनाच्या ऊरपटावरील बारा रत्नांची आठवण देतो. नाताळच्या विक्रीसाठीं आमच्या विद्यार्थिनी हस्तव्यवसायाच्या तासाला दगडी मण्यांच्या माळा ओवूं लागल्यापासून हा वाद शिक्षकांच्या खोलींतहि शिरला आहे. आमच्या मतें दोन्ही पक्षांची दृष्टि घालणारीच्या गळ्यावरच खिळलेली आहे. मणी ज्यानें घडविला त्याच्याकडे कोणी पाहात नाहीं. वस्तुतः ज्या निर्गमाच्या पुस्तकांत तीं रत्नें आहेत, त्याच पुस्तकांत जडावाचे पाषाण कोरणाऱ्या बसालेलाचें नांवहि आदरानें नमूद केलेलें आहे.

हिऱ्यामाणकांची गोष्ट येथें आम्ही करीत नाहीं. सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांतले जे अकीक, सुलेमानी व जांभळा स्फटिक, त्यांपुरतेंच आम्हांस बोलावयाचें आहे. हे दगड आपणांस परके नाहींत. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्हारस थिजला, तेव्हां त्यांतील वायूच्या बुडबुड्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या. पुढें सिलिकायुक्त पाणी झिरपून त्या थरावर थर भरत गेल्या. अकीकाच्या अंगावरचे पट्टे ते हेच थर. गोदाभीमेच्या पात्रांत आपलीं मुलें ज्या गारगोट्या वेंचतात, त्यांतल्या कित्येक याच जातीच्या असतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांत पैठणाहून असा दगड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरास जात असे, असा उल्लेख आहे.

या कामाचें मोठें ठाणें गुजराथेंत खंबायत येथें आहे. तेथून जवळच लोथल येथें चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचा मणी करण्याचा कारखाना उत्खननांत सांपडला, यावरून या धंद्याचें वय ध्यानांत येईल. रतनपूरच्या खाणींतून निघालेला दगड मळकट व पिवळसर असतो. तो उन्हांत वाळवून, मडक्यांत भरून मंद आगींत भाजतात; दगडांतील लोहाचें रूप पालटून पिवळ्याचा तांबडा होतो. आंच एकदम वाढली तर दगड तडकतो व सारी मेहनत फुकट जाते. नंतर जमिनींत रोंवलेल्या टोंकदार लोखंडी सळईवर दगड धरून कारागीर म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें वरून बेतानें ठोकतो. टवका मात्र घावाच्या बाजूनें न निघतां सळईच्या बाजूनें निघतो. पाहणाऱ्यास हें प्रथम खरेंच वाटत नाहीं. वेज पाडण्याच्या जुन्या रीतींत धनुकलीनें सामता फिरवितात. त्याच्या टोंकास हिऱ्याच्या दोन कण्या असतात, आणि निम्में वेज एका अंगानें व निम्में दुसऱ्या अंगानें पाडून मध्यें मिळवितात.

ठोकणें व वेज पाडणें यांच्यामध्यें घासण्याचें काम येतें. दिसावयास तें सर्वांत सोपें आणि परिणामीं सर्वांत घातक. विजेवर गरगर फिरणाऱ्या कुरुंदाच्या चाकावर दगड कोरडा धरला म्हणजे सिलिकेची अति सूक्ष्म धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुफ्फुसांत जाऊन बसते, तेथें व्रण करते आणि श्वास हळूहळू तोकडा होतो. सिलिकोसिस नांवाचा हा रोग एकदां जडला कीं बरा होत नाहीं. शिवाय क्षयाला तो दार उघडून देतो. काम बहुधा घरोघर चालतें, त्यामुळें तीच धूळ बायकामुलांच्याहि पोटांत व छातींत जाते, आणि कारखान्यांच्या कायद्याचा हात त्या उंबरठ्यापर्यंत क्वचितच पोंचतो.

‘हातानें केलेला’ हा शब्द दुकानांत ऐकला म्हणजे आपण भाळतों. हात खरा, पण छाती कोणाची, हेंहि विचारलें पाहिजे. हें ऐकून आमचे एक सहकारी म्हणाले कीं, तर मग असे मणी घेऊंच नयेत. हें आम्हांस मान्य नाहीं. माल उठला नाहीं म्हणजे धूळ थांबते असें नव्हे. घासणारा त्याच चाकावर कमी मजुरीनें बसतो. दगडावर पाणी सोडून घासणें व चाकाशीं धूळ ओढून घेणारा पंखा बसविणें, हे उपाय ज्ञात आहेत. त्यांस खर्च लागतो, व तो खर्च आपण दोन-चार रुपयांसाठीं केलेल्या घासाघिशींत (शब्द पाहा कसा नेमका आहे!) प्रथम उडून जातो.

निवडतांना इतर गोष्टीहि पाहाव्या. अकीक कांचेपेक्षां कठीण, हातास थंड, व त्यावर कांचेवर ओरखडा उठतो. अगदीं काळा दगड बहुधा साखरेच्या पाकांत मुरवून गंधकाम्लांत तापविलेला असतो, व भडक निळा किंवा गुलाबी रंगविलेला. रंगविणें हें पाप नव्हे. रंगविलेला नैसर्गिक म्हणून विकणें हें असत्य आहे. दोन मणी हुबेहूब सारखे नसले तर नाक मुरडूं नये. वेजाची कड मात्र बोटानें पाहावी. ती धारदार राहिली असेल तर दोरा लवकर कापतो. म्हणून पटवेकरी मण्यामण्यांमध्यें गांठ मारतो. दोरा तुटला तरी एकच मणी गळतो. अकीक कोमट पाण्यानें व साबणानें धुवावा; फिरोजा, पोंवळें व मोतीं यांस साबण व अत्तर लावूं नये; जांभळा स्फटिक फार वेळ उन्हांत ठेवूं नये, त्याचा रंग उडतो.

येत्या नाताळच्या विक्रीविषयीं आमची सूचना अशी आहे कीं, मणी आणावयास जाणाऱ्यानें व्यापाऱ्यास ते ओले घासले कीं कोरडे, हें स्पष्ट विचारावें, आणि उत्तर मिळाल्यावांचून माल घेऊं नये. उत्तर देणारा अधिक दाम मागेल, तो द्यावा व माळेच्या चिठ्ठीवर तें कारण लिहावें. माळा कमी भरतील, तर उरलेल्या जागीं मुलींनीं विणलेले रेशमी गोफ मांडावे.