काचेचा कडा

यलोस्टोन हे नाव तुम्ही जनरल नॉलेजच्या पुस्तकात वाचलं असेलच. अमेरिकेतलं आणि जगातलंही पहिलं राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी ते जाहीर झालं. तिथली गरम पाण्याची कारंजी, बायसनचे कळप, लांडगे यांच्याविषयी पुन्हा कधीतरी बोलू. आज मात्र तिथल्या एका काळ्या, चकचकीत कड्यापाशी जाऊ या.

ऑब्सिडियन क्लिफ हे त्याचं नाव. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीने बनवलेली काच! आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही लाव्हाचाच बरं का, पण त्यात बारीक बारीक स्फटिक असतात. यलोस्टोनचा हा लाव्हा मात्र फार चिकट होता. स्फटिक तयार व्हायच्या आतच तो थिजला आणि काच झाली. ही गोष्ट सुमारे १ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. या काचेचा टवका उडवला की सुरीसारखी धार मिळते. म्हणून तिथले आदिवासी निदान ११ हजार वर्षं इथून दगड नेत होते. बाणांची टोकं, चाकू, चामडं खरवडायची हत्यारं, सगळं त्याचंच.

गंमत अशी, की प्रत्येक ठिकाणच्या ऑब्सिडियनमध्ये काही मूलद्रव्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं, जणू अंगठ्याचा ठसाच. तो क्ष-किरणांनी तपासता येतो. दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या ओहायोत जुन्या टेकाडांत सापडलेली हत्यारं अशीच तपासली, तर दगड निघाला याच कड्याचा! मोटार नाही, घोडाही नाही. अमेरिकेत तेव्हा घोडेच नव्हते. हा दगड माणसांनीच वाहून नेला असणार.

या डोंगरांत तुकुडिका नावाचे शोशोनी लोक राहत. तुकुडिका म्हणजे मेंढे खाणारे. रानमेंढ्याची वळलेली शिंगं गरम करून मऊ करायची, सरळ करायची, पाठीवर कंडरा चिकटवायच्या आणि धनुष्य बनवायचं. शिंगं मऊ करायला ते गरम पाण्याचे झरेही वापरत, असं सांगतात. ही धनुष्यं इतकी जोरकस, की इतर जमाती त्यांच्या बदल्यात घोडे देत.

आणि पुस्तकांत वर्षानुवर्षं काय छापलं गेलं? आदिवासी कारंज्यांना घाबरत, म्हणून तिकडे फिरकत नसत! उद्यानाचे दुसरे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी ही समजूत पसरवली. १८७७ साली सैन्य पाठीशी लागलेले नेझ पर्स लोक बायकामुलांसकट याच उद्यानातून गेले होते. त्यामुळे पर्यटक बिचकले होते, त्यांना धीर द्यायला ही थाप सोयीची पडली. याच नॉरिस यांनी १८७८ साली कड्याखालून रस्ता काढला. काचेवर मोठाल्या शेकोट्या पेटवायच्या, मग गार पाणी ओतायचं, की दगड तडतड फुटे. युक्ती नामी, पण हजारो वर्षांच्या खाणीवर चालवलेली.

त्याच सुमारास तुकुडिकांना उद्यानाबाहेर राखीव वसाहतींमध्ये हलवलं गेलं. जंगल राखायचं तर त्यातली माणसं हलवायची, ही रीत पुढे बऱ्याच देशांनी उचलली. आपल्याकडेही व्याघ्र प्रकल्पांतल्या गावांच्या पुनर्वसनाच्या बातम्या तुम्ही वाचता.

आज उद्यान प्रशासन २७ जमातींचा यलोस्टोनशी असलेला जुना संबंध मान्य करतं. १९९६ साली ऑब्सिडियन क्लिफला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आता तिथून नखाएवढा तुकडा उचलणंसुद्धा गुन्हा आहे.