तात्पुरती सोय किती वर्षे?

१ जुलै २०२५ रोजी रशियातील कालिनिनग्राद येथे ‘आयएनएस तमाल’ ही फ्रिगेट भारतीय नौदलात दाखल झाली. परदेशातून घेतलेली ही शेवटची युद्धनौका, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. या घोषणेचे आम्ही स्वागत करतो. परंतु ही वेळ यायला अठ्ठावीस वर्षे का लागली, हे विचारण्याचा अधिकार कामगारांना आहे.

नोव्हेंबर १९९७ मध्ये सरकारने रशियाशी तीन फ्रिगेट नौकांचा करार केला. जुन्या नौका निवृत्तीला आल्या होत्या आणि देशी गोद्यांतून नव्या वेळेवर येत नव्हत्या. मधली पोकळी भरण्यापुरती ही सोय होती. पुढे २००६ मध्ये आणखी तीन मागवल्या गेल्या आणि २०१८ च्या करारातून आणखी दोन आल्या. तीनाच्या आठ झाल्या!

देशी नौकांना उशीर झाला हे खरे आहे. १९९७ सालीच मंजूर झालेली माझगाव डॉकची ‘शिवालिक’ २०१० च्या एप्रिलमध्ये नौदलात आली. पण याचे खापर वेल्डर आणि फिटर यांच्या माथी फोडणाऱ्यांना आमचा सवाल आहे: नव्वदीच्या आसपास पैशाच्या चणचणीत मोठ्या नौकांच्या नव्या ऑर्डर जवळजवळ थांबवल्या कोणी? गोदी रिकामी राहिली की कसबी हात पांगतात. ते पुन्हा जमवायला वर्षे लागतात.

‘शिवालिक’चे काम रखडण्याचे एक कारण पोलाद हेही होते. रशियाकडून येणारे खास पोलाद वेळेवर आले नाही. तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा आणि ‘सेल’ यांनी मिळून डीएमआर २४९ए हे पोलाद देशातच तयार केले. कोहक्यासारख्या भिलाईच्या वस्त्यांत राहणारे आपले रेल्वे व टपाल कामगार भिलाईचा कारखाना ओळखतात तो रुळांमुळे. त्याच कारखान्याने युद्धनौकांसाठीही पोलाद पुरवले आहे. २०२२ मध्ये नौदलात आलेल्या ‘विक्रांत’साठी ‘सेल’ने भिलाई, बोकारो व राउरकेला येथून सुमारे ३०,००० टन पोलाद दिले. ऑर्डर दिली तर सार्वजनिक क्षेत्राचा कामगार काय करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

शिवाय परदेशी माल वेळेवर येतो, हाही भ्रमच. क्षेपणास्त्र यंत्रणेतील दोषांमुळे ‘तलवार’ वर्षभराहून अधिक उशिरा, जून २००३ मध्ये मिळाली. ‘तमाल’ व तिची बहीण ‘तुशील’ यांची इंजिने तर भारताला युक्रेनकडून घेऊन रशियाला द्यावी लागली. तेथे युद्ध पेटले आणि नौका लांबणीवर पडल्या.

‘तात्पुरते’ या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबलेला गँगमन आणि ‘खात्याबाहेरचा’ ठरवलेला ग्रामीण टपाल नोकर यांनी तो अंगावर काढला आहे. सोय तात्पुरती म्हणून सुरू होते आणि मूळ काम टाळण्याची सबब बनते.

खलाशी हा कामकऱ्याचाच मुलगा आहे. त्याला जुन्या नौकेवर धाडा, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. निकडीची खरेदी करावी लागली तर जरूर करा; पण तिची मुदत आणि देशी नौकेचे वेळापत्रक एकाच कागदावर येऊ द्या.

आज चित्र बदलत आहे. जानेवारी २०२५ मध्ये माझगाव डॉकची नवी ‘निलगिरी’ दाखल झाली; २६ ऑगस्टला ‘उदयगिरी’ व कोलकात्याची ‘हिमगिरी’ एकाच दिवशी आल्या. हा वेग टिकवायचा तर हातातली नौका पाण्यात उतरण्याआधी पुढची ऑर्डर द्या, आराखडा मध्येच बदलू नका आणि कसबी कामावर कंत्राटी नव्हे, कायम भरती करा. अन्यथा आणखी दहा वर्षांनी पुन्हा पोकळी पडेल, पुन्हा परदेशी करार होईल आणि दोष मात्र पुन्हा कामगाराच्याच नावावर लिहिला जाईल. ते आम्ही मान्य करणार नाही.